सकाळच्या फेरफटक्यातील कडू रस: कितपत गुणकारी, कितपत जोखमीचा?

उपवनकर (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने पहाटे फिरायला जाणाऱ्यांना तिथल्या रसवाल्यांची ओळख करून द्यायला नको. एका टेबलावर काचेच्या आणि स्टीलच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक बरणीपुढे पुठ्ठ्याचा तुकडा असतो: कारले म्हणजे 'साखर', दुधी म्हणजे 'हृदय', कडुनिंब म्हणजे 'रक्तशुद्धी', गुळवेल म्हणजे 'प्रतिकारशक्ती'. माझे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि ते मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. दिवाळीनंतर त्यांनी रोज अनशापोटी कारले-जांभूळ रसाचा पेला घ्यायला सुरुवात केली. रस पिऊन तलावाला फेऱ्या मारायच्या, कट्ट्यावर गप्पा मारायच्या आणि घरी येऊन नऊ वाजता नाश्ता करायचा, असा त्यांचा क्रम ठरून गेला.

मागच्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा घामाने डबडबले होते आणि हात इतके थरथरत होते की चपलेचा बंद त्यांना सोडवता येईना. ग्लुकोमीटरवर साखर ६२ आली. साखरपाणी दिल्यावर थोड्या वेळाने त्यांना हुशारी वाटली. डॉक्टरांनी रस तात्काळ बंद करायला सांगितले आहे, पण वडिलांचे म्हणणे असे की साखर उतरली याचा अर्थ रस लागू पडतो आहे, तेव्हा बंद करायचीच असेल तर गोळी बंद करावी. या तर्काला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही, कारण तो पूर्णपणे चुकीचाही वाटत नाही.

कडू पदार्थांच्या गुणांबद्दल जे सांगितले जाते त्यातले पारखलेले किती आणि ऐकीव किती, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. एक विनंती आहे: 'आमची आजी रोज कारले खात असे' एवढ्यावर कृपया थांबू नये. आजी भाजी खात असे, मिक्सरमधून काढलेला पेलाभर रस पीत नसे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

ऐरोलीचा_अण्णा

मी गेली काही वर्षे कारल्याचा रस घेतो आहे आणि माझी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठवरून सातच्या खाली आली आहे. डॉक्टर मंडळींना फुकटचे औषध आवडत नाही, एवढेच यावर म्हणेन. वडिलांना घेऊ द्यावे.

कळवेकर

अण्णा, आपले अभिनंदन. मात्र त्याच काळात आपण सकाळचे चालणे सुरू केले, चहातील साखर सोडली आणि वजनही उतरवले, असे आपणच दुसऱ्या धाग्यावर लिहिले होते. मग श्रेय एकट्या कारल्याला कसे द्यायचे?

नेरूळ_फार्मसी

मी व्यवसायाने औषधनिर्माता आहे आणि नेरूळला दुकानात बसून हा प्रश्न रोज ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कारल्यामध्ये साखर उतरवणारे घटक आहेत, ही अफवा नव्हे. चॅरँटिन, इन्सुलिनशी काहीसे साधर्म्य असलेले पॉलिपेप्टाइड-पी आणि व्हायसीन ही त्यांतली अभ्यासलेली नावे आहेत. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्यांचा परिणाम दिसतो. माणसांवर तो किती दिसतो, हा खरा प्रश्न आहे. वैद्यकीय चाचण्यांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये टाइप २ मधुमेहासाठी कारल्याचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणाऱ्या चारच चाचण्या मिळाल्या. त्यांत एकूण ४७९ रुग्ण होते आणि निष्कर्ष असा निघाला की कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. थायलंडमधील २०११ च्या एका चाचणीत चार आठवडे रोज २००० मिलिग्रॅम वाळवलेले कारले देण्यात आले. त्याचा परिणाम दिसला, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनच्या तुलनेत तो कमी होता. म्हणजे कारल्यात काहीच नाही असेही नाही आणि ते गोळीची जागा घेईल असेही नाही.

आता आपल्या वडिलांच्या तर्काकडे वळतो. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच ती गोळी जेवणाला किंवा नाश्त्याला धरून घ्यायची असते. गोळी पोटात, वर उपाशीपोटी कारल्याचा रस, त्यावर तासाभराचे चालणे आणि नाश्ता नऊला: साखर खाली खेचणाऱ्या या सगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या. ६२ हा आकडा रसाचा गुण दाखवत नाही, या सगळ्यांची बेरीज दाखवतो. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी कोसळत नाही, त्यामुळे कट्ट्यावरच्या एखाद्या मित्राला तोच रस निर्धोक ठरला असेल, तर दोघांच्या गोळ्यांची नावे आधी पडताळून पाहावीत.

गोळीच बंद करावी, या सूचनेला माझे उत्तर असे आहे. गोळीच्या पाकिटावर दोन मिलिग्रॅम लिहिलेले असते आणि प्रत्येक गोळीत तितकेच असते. रसाच्या पेल्यात किती औषध आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कारल्याची जात, ते कोवळे की जून, बियांसकट वाटले की बिया काढून, पाणी किती घातले, यावर रोज फरक पडणार. डॉक्टरांना मात्रा जुळवायची असेल तरी कशाच्या आधारावर जुळवावी? ज्याची मात्रा मोजता येत नाही त्याच्या भरवशावर जिची मोजता येते ती गोळी सोडणे, याला मी उपचार म्हणणार नाही.

आणखी दोन सूचना. गरोदर स्त्रियांनी कारल्याचा रस टाळावा. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे त्यांनीही टाळावा, कारण व्हायसीनमुळे अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. ताटातील चार कापांनी मधुमेही माणसाला अपाय होत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम कच्च्या कारल्यात ८४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि केवळ १७ कॅलरी दिलेल्या आहेत. शिजवल्यावर त्यातले काही क जीवनसत्त्व जाते, तरीही भाजी म्हणून ते उत्तमच आहे.

ऐरोलीचा_अण्णा

आपण पुष्कळ अभ्यासपूर्ण लिहिले आहे, परंतु मेथीबद्दल काय म्हणाल? मेथीवर तर हैदराबादच्या सरकारी संस्थेनेच संशोधन केले आहे.

नेरूळ_फार्मसी

होय, राष्ट्रीय पोषण संस्थेत ते काम झाले आणि ते चांगले काम आहे. त्यातील १९९० च्या एका अभ्यासात रुग्णांची साखर लक्षणीय उतरली होती. पण त्यात तेल काढून टाकलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम दिली होती, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात विभागून. आपण रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालून सकाळी पाण्यासह गिळतो, त्या पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाहीत. मेथीच्या दाण्यातील जवळजवळ निम्मा भाग तंतूंचा असतो. पोटात गेल्यावर तो बुळबुळीत होऊन फुगतो, त्यामुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश शोषली जाते. म्हणजे मेथीचा बराचसा गुण तिच्या कडूपणात नसून त्या बुळबुळीत तंतूत आहे, आणि म्हणूनच दाणे फेकून नुसते पाणी पिणाऱ्यांचे मला कोडे वाटते. ज्यांना शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी आहे त्यांनी मेथीबाबत जपावे आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

वैद्य_खारघर

आयुर्वेदाच्या बाजूने लिहिणे मला भाग आहे, कारण रसवाल्यांच्या पुठ्ठ्यांवर नाव आमच्या शास्त्राचे असते आणि पद्धत मात्र शास्त्रातील नसते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात सहा रसांचे, म्हणजे चवींचे, विवेचन आहे. तिथे तिक्त, म्हणजे कडू, रसाबद्दल पहिलीच गोष्ट अशी सांगितली आहे की तो स्वतः रुचकर नसूनही अरुची घालवतो. पुढे दाह, कंड, तहान, ज्वर, कृमी यांवर तो उपयोगी असल्याचे म्हटले आहे. एवढा भाग सर्वजण सांगतात. त्यालाच लागून जे येते ते कोणी सांगत नाही: हाच रस एकटा आणि अती प्रमाणात घेतला, तर त्याच्या रूक्ष गुणामुळे तो रसापासून शुक्रापर्यंतचे धातू सुकवतो, बळ कमी करतो आणि वाताचे विकार उत्पन्न करतो. वृद्धापकाळ हा मुळात वाताचा काळ. कृश, वयस्कर माणसाला अनशापोटी रोज पेलाभर तिक्त रस द्यावा, असे निदान मी तरी गुरूंकडून शिकले नाही.

तिक्त द्रव्ये द्यायची कशी, याचाही विचार ग्रंथांत आहे. शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाने अंगाची लाही होते त्या दिवसांत, तिक्त घृत घ्यायला सांगितले आहे. कडू वनस्पती तुपात सिद्ध करून दिल्या की तिक्ताचे काम होते आणि रूक्षतेला तूप आवर घालते. काढा असेल तर तो थोड्या मात्रेत आणि ठरावीक दिवसच द्यायचा असतो, व्याधी उतरला की थांबवायचा असतो. 'आजन्म घ्या' असे कडू औषध माझ्या पाहण्यात नाही.

गुढीपाडव्याचे उदाहरण पाहा. कडुनिंबाची कोवळी पाने आणि फुले, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मिरे, मीठ असे सगळे वाटून जो गोळा होतो तो बोराएवढा खायचा असतो. त्यात कडू एकटे कधीच नसते. कडुनिंबाच्या पानांचा वाटीभर रस वर्षभर प्यावा, असा अर्थ त्या प्रथेतून निघत नाही. कडुनिंबाचे तेल तर लहान मुलांच्या पोटात थेंबभरही जाऊ देऊ नये. तान्ह्या मुलांना ते पाजल्याने उलट्या, गुंगी आणि झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

बेलापूर_टेकडी

कारल्याची चर्चा चालू आहे, पण त्या टेबलावरची माझ्या मते सर्वांत घातक बरणी दुधीची आहे, आणि ती घातक ठरते ती दुधी कडू निघाला तर. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. काकडी, दुधी, भोपळा या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या जातींत ती जवळजवळ नाहीशी झालेली असतात, पण रानटी वेलाशी संकर झाला किंवा वेलाला पाण्याचा आणि उन्हाचा ताण बसला, तर ती पुन्हा वाढू शकतात. बाहेरून दुधी तसाच हिरवा आणि गुळगुळीत दिसतो.

समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसऱ्या कशाचा रस मिसळू नये. शेवटची अट रसवाल्यांच्या टेबलाला नेमकी लागू पडते. 'मिक्स' म्हणून कारले, दुधी, आवळा, आले हे सगळे एकत्र दिले जाते, तेव्हा दुधी कडू होता की नाही हे जिभेला कळण्याचा मार्गच उरत नाही. या विषबाधेवर उतारा नाही. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसली की थेट रुग्णालयात जावे लागते. भाजी शिजवल्याने हे विष जाईल यावरही विसंबू नये.

कळवेकर

मग कारले कडू असूनही चालते आणि दुधी कडू असला की विष, हे कसे?

नेरूळ_फार्मसी

कारल्याचा कडूपणा मोमॉर्डिकोसाइड आणि त्याच्या जवळच्या संयुगांमुळे येतो. ती क्युकरबिटासिनची भावंडेच आहेत, पण भाजीत आपण खातो तेवढ्या प्रमाणात त्यांचा तसा त्रास होत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाण्यातून सिद्ध झाले आहे. व्यवहारात एवढे ध्यानात ठेवावे की जे फळ कडू असणेच अपेक्षित आहे ते कडू लागले तर ठीक, आणि जे गोड किंवा बेचव असायला हवे ते कडू लागले तर थुंकून टाकावे. जिभेवर कडू ओळखणारी ग्राहके सुमारे पंचवीस प्रकारची आहेत, गोडासाठी मात्र मुख्य ग्राहक एकच. वनस्पतींतील विषे पुष्कळशी कडू असल्याने निसर्गाने हा पहारा चोख ठेवला आहे. लहान मुले कारल्याला तोंड वाकडे करतात, ते त्यांचे लाड नव्हेत.

ही ग्राहके आतड्यातही आणि श्वासनलिकेतही असल्याचे गेल्या काही वर्षांत आढळले आहे. कडू पदार्थाने आतड्यातून भूक आवरणारी संप्रेरके सुटतात का, याचा अभ्यास चालू आहे. विषय रोचक आहे, पण त्यावरून रोजच्या आहाराचे नियम सांगण्याइतके ज्ञान अजून हाती नाही.

सानपाडा_गॅलरी

आमच्या सोसायटीत करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा प्रत्येक घरी उकळत असे. आता कुंपणावर वेल इतकी माजली आहे की माळी ती कापून फुकट वाटतो. ती घ्यावी का?

वैद्य_खारघर

माळ्याने दिली म्हणून घेऊ नये. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या, त्याच वंशातील इतर वेली आहेत आणि हृदयाकृती पान पाहून सामान्य माणसाची फसगत होते. टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीच्या खोडावर ठळक फोड असतात आणि यकृताला अपाय करणारी म्हणून तिचे नाव घेतले जाते. खऱ्या गुळवेलीच्या जून खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते आणि आडवा छेद घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. एवढ्या खुणा सांगूनही ओळख जाणकाराकडूनच पटवून घ्यावी, असे मी सांगेन.

बेलापूर_टेकडी

वैद्यबाई, याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे पाहिले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असावी असा आक्षेप घेतला. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांवरच्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात अनेकांच्या बाबतीत शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच यकृतावर हल्ला केल्याची लक्षणे होती. सगळा दोष चुकीच्या वेलीवर ढकलता येईल असे मला वाटत नाही.

वैद्य_खारघर

मान्य आहे. मंत्रालयाच्या आक्षेपात तथ्य होते असे माझे मत आजही आहे, पण थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वप्रतिकार विकार असलेल्या, तसेच यकृताचा आजार असलेल्या रुग्णाला मी स्वतः गुळवेल दीर्घकाळ देत नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध ज्याची प्रतिकारशक्ती आधीच उलटली आहे त्याला देताना विचार करायलाच हवा. सानपाड्याच्या ताईंनी वेल कुंपणावरच राहू द्यावी.

जांभळीनाका_माहेर

एवढे सगळे वाचून कोणी कडू खाणेच सोडू नये म्हणून लिहिते. पाऊस पडला की जांभळी नाक्याच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका पहाटे रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्या टोपल्यांत कर्टोली, टाकळा, कुर्डू यांच्याबरोबर भारंगी असते आणि कधी कुड्याची पांढरी फुले किंवा लांब दोऱ्यासारख्या शेंगा मिळतात. भारंगी आणि कुडा दोन्ही कडू आहेत, पण त्या विकणाऱ्या बाईला विचारले तर ती 'याने अमुक रोग जातो' असे आधी सांगत नाही, 'उकडून पाणी टाक, मग वाल घालून कर' असे सांगते.

भारंगीची कोवळीच पाने घ्यावीत, देठाकडची शीर मोडताना कटकन तुटली पाहिजे. पाने बारीक चिरून मीठ लावून चोळावीत, उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवावीत आणि गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळावीत. जे काळपट हिरवे पाणी निघते ते टाकून द्यायचे. तेलावर ठेचलेला लसूण आणि भरपूर कांदा लालसर परतून त्यात मोड आलेले, सोललेले वाल घालून वाफ काढावी. वाल बोटाने दबू लागले की पिळलेली भाजी, हळद, तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालावा. वरून ओले खोबरे. एवढे केल्यावरही ती कडवट लागते, पण भाकरीबरोबर दुसऱ्यांदा वाढून घ्यावी असा तो कडवटपणा असतो.

कारल्याच्या बाबतीतही आमच्याकडे चिंच-गूळ नाहीतर दही लागतेच. मात्र बाजारातल्या हॉटेलांत कुरकुरीत काप म्हणून जे मिळते ते तेलात इतके बुडालेले असते की त्याला आरोग्याचे नाव देऊ नये.

उपवनकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. नेरूळच्या दादांचा मात्रेचा मुद्दा वडिलांना वाचून दाखवला. ते निवृत्त लेखापाल असल्यामुळे 'मोजता येत नाही' हा शब्द त्यांना नेमका लागला. रस बंद करायला ते तयार झाले आहेत, अट एवढीच की आठवड्यातून दोनदा कारल्याची भाजी झाली पाहिजे आणि ती चिंच-गूळ घालून केलेली असली पाहिजे. फिरायला जाताना खिशात साखरेच्या पुड्या ठेवायलाही त्यांनी मान्यता दिली आहे.

एक शंका उरली आहे. मधुमेही माणसासाठी भाजीत गूळ घातला तर चालतो का?

नेरूळ_फार्मसी

चौघांच्या भाजीत सुपारीएवढा गूळ असेल तर एकाच्या वाट्याला चहाच्या चमच्यापेक्षा कमी येतो, तेवढ्याने बिघडत नाही. गूळ ही साखरच आहे एवढे ध्यानात असू द्यावे. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र फिरून आल्यावर, नाश्त्याला बसताना घेतली तर चालेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारावे आणि तोपर्यंत फिरायला निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहत जावी. ती शंभरच्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन मगच बाहेर पडावे.